ईमेलची किल्ली कुणाकडे?

प्रश्न : नारायणगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. गेली काही वर्षं माल युरोपला जातो. नेदरलँड्समधल्या खरेदीदाराशी बोलणी, रेसिड्यूचे रिपोर्ट, कंटेनरचे कागद, बँकेचे तपशील असा सगळा व्यवहार एकाच जीमेल खात्यावर चालतो. पुतण्या म्हणतो, प्रोटॉन मेल घ्या. सीए म्हणतात, झोहो घ्या, आपल्या देशातलं आहे. एका मित्राने टूटा सुचवलं. खासगीपणाच्या दृष्टीने यातलं सर्वांत चांगलं कोणतं?
– एक बागायतदार, नारायणगाव परिसर

उत्तर : आधी मीच तुम्हाला विचारतो. तुम्हाला नजर चुकवायची आहे ती कोणाची? जाहिरातवाल्या कंपन्यांची, सरकारची की चोराची? तिघांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. कंपन्या मात्र तिन्ही ‘प्रायव्हसी’ या एकाच नावाखाली विकतात आणि घेणाऱ्याचा गोंधळ होतो.

तुमचं पत्र वाचून मला पहिली काळजी वाटली ती चोराची. निर्यातीच्या धंद्यात ईमेलवरून होणारी फसवणूक कशी चालते ते नीट समजून घ्या. तुमच्या किंवा खरेदीदाराच्या खात्याचा पासवर्ड कुठल्या तरी खोट्या लॉगिन पानावरून चोराच्या हाती लागतो. तो लगेच काही करत नाही, नुसता वाचत बसतो. कंटेनर कधी निघाला, बिल किती युरोचं आहे, तुम्ही खरेदीदाराला नावाने हाक मारता की ‘सर’ म्हणता, मेलच्या शेवटी काय लिहिता, हे सगळं तो पाहून ठेवतो. मग खात्याच्या सेटिंगमध्ये शिरून एक नियम लावतो : ज्या मेलमध्ये ‘इन्व्हॉइस’ हा शब्द असेल त्याची प्रत माझ्याकडे पाठव आणि मूळ मेल ‘वाचलेला’ करून बाजूला टाक. तुमच्या इनबॉक्समध्ये काहीच वेगळं दिसत नाही. माल बंदराला लागायच्या सुमारास खरेदीदाराला तुमच्या नावाने मेल जातो, की ऑडिटमुळे आमचं नेहमीचं खातं तूर्त बंद आहे, रक्कम सोबतच्या नव्या खात्यात भरावी. पाठवणाऱ्याचा पत्ता तुमच्यासारखाच असतो, एखाद्या अक्षराचाच फरक. खरेदीदार पैसे भरून मोकळा होतो. द्राक्षं तिकडे विकली गेलेली असतात आणि तुम्ही इकडे पेमेंटची वाट बघत असता.

ही चोरी कोणत्याही खासगी मेल सेवेने आपोआप थांबत नाही. ती थांबते दोन गोष्टींनी. एक म्हणजे खात्याला दुहेरी पडताळणी लावणं, म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी तुमच्या मोबाइलवरच्या ॲपमधला आकडा टाकल्याशिवाय आत शिरता येत नाही. दुसरी गोष्ट तंत्रज्ञानाची नाही, व्यवहाराची आहे. हंगाम सुरू होण्याआधीच खरेदीदाराशी लेखी ठरवून टाका, की बँक खात्यातला बदल मेलवर कधीही कळवला जाणार नाही, आणि तसा मेल आलाच तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक युरोही भरायचा नाही. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, तो नंबरही चोराचाच असतो. यातूनही घोटाळा झालाच तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करा आणि खरेदीदाराला त्याच वेळी त्याच्या बँकेला कळवायला सांगा. परदेशातून निघालेली रक्कम अडवायची तर पहिली हालचाल त्याच्याच बँकेकडून व्हावी लागते. दुहेरी पडताळणी आणि खरेदीदाराशी लेखी ठरवणं, हे दोन्ही आजच्या जीमेलवरही करता येतं आणि सेवा बदलण्याआधी करायला हवं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. जीमेल, झोहो, याहू, रेडिफमेल या सगळ्यांकडे तुमची पत्रं कुलपात असतात, पण कुलपाची किल्ली कंपनीकडे असते. शीतगृहात माल ठेवला तर दार उघडायचा अधिकार मालकाकडेही असतो, तसंच हे आहे. तो उघडणार नाही असा त्याचा शब्द असतो, करार असतो, पण उघडू शकतो. जीमेलबद्दल एक जुना समज अजून फिरतो, की गूगल मेल वाचून जाहिराती दाखवतं. हे एकेकाळी खरं होतं. जाहिरातींसाठी मेलमधला मजकूर चाळणं बंद करत असल्याचं गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलं. स्पॅम अडवण्यासाठी, प्रवासाचं तिकीट ओळखण्यासाठी, उत्तरं सुचवण्यासाठी गूगलची यंत्रं मजकुरावरून आजही फिरतात, आणि तुमच्याबद्दलची बाकीची माहिती शोध, नकाशा आणि यूट्यूब यांतून गोळा होतेच. ज्यांना हे नको आहे त्यांनी जीमेल सोडावं, त्यात मला काही वावगं वाटत नाही.

प्रोटॉन आणि टूटा यांची रचना वेगळी आहे. प्रोटॉन मेल २०१४ मध्ये जिनिव्हात सुरू झाला. सर्न या अणुसंशोधन संस्थेत एकत्र आलेल्या शास्त्रज्ञांनी तो उभा केला. टूटा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, २०११ पासूनचा. आधी त्याचं नाव टूटानोटा होतं. दोन्हींकडे पत्रं अशा रीतीने ठेवली जातात, की किल्ली तुमच्या पासवर्डातून तयार होते आणि कंपनीला साठवलेला मजकूर वाचता येत नाही. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. पासवर्ड विसरलात तर ‘फर्गॉट पासवर्ड’ दाबून जुनी पत्रं परत मिळतील ही आशा सोडा. टूटा खातं उघडताना चौसष्ट अक्षरांचा एक रिकव्हरी कोड देतो. पासवर्ड आणि तो कोड दोन्ही गेले, तर ते खातं जगात कोणीही उघडू शकत नाही.

मग पुतण्याचं ऐकावं का? तुमच्या धंद्याच्या मेलसाठी प्रोटॉनचा हा मोठा गुण जवळपास वाया जातो. प्रोटॉनवरून प्रोटॉनवर मेल गेला तर तो निघाल्यापासून पोचेपर्यंत आणि नंतरही दोघांशिवाय कोणाला वाचता येत नाही. टूटाचंही तसंच. पण तुमच्या खरेदीदाराचं खातं मायक्रोसॉफ्टकडे किंवा गूगलकडे असणार. तुम्ही जिनिव्हात कितीही पक्की सोय केलीत तरी तोच मेल त्याच्या बाजूला साध्या स्वरूपात पडून राहतो. सीएंचं जीमेल असेल तर तिथेही एक प्रत. शिपिंग एजंटला सीसी केलंत तर आणखी एक.

यावर उपाय म्हणून दोन्ही सेवा ‘पासवर्डचा मेल’ देतात. समोरच्याला फक्त एक दुवा जातो, त्यावर टिचकी मारून ठरलेला पासवर्ड टाकला की मजकूर उघडतो. एखाद्या वेळच्या कागदासाठी ही सोय चांगली आहे. पण रोजच्या धंद्यात खरेदीदाराला ही सवय लावणं मला पटत नाही. ‘या दुव्यावर टिचकी मारा आणि पासवर्ड टाका’ असा मेल हुबेहूब चोराच्या मेलसारखा दिसतो. ज्या माणसाने असल्या मेलपासून दूर राहावं असं आपल्याला वाटतं, त्यालाच आपण ते उघडायला शिकवणार!

टूटाच्या मोफत खात्याबद्दल खास तुमच्यासाठी एक गोष्ट. सहा महिने लॉगिन झालं नाही तर ते खातं काढून टाकलं जातं. तुमच्या मेलची धावपळ जानेवारी ते एप्रिल. एप्रिलची खरड छाटणी झाली, पावसाळा लागला, ऑक्टोबरला गोडी छाटणी आणि मग पुन्हा निर्यातीसाठी ग्रेपनेटवरच्या नोंदणीची गडबड. एप्रिलअखेरीस बंद केलेलं खातं नोव्हेंबरात उघडायला जाल, तर मागच्या हंगामाचा सगळा पत्रव्यवहार गेलेला असेल. प्रोटॉनच्या मोफत खात्याला वर्षभराची मुदत आहे, जीमेलला दोन वर्षांची. शिवाय टूटा आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये जोडता येत नाही, त्यांचंच ॲप वापरावं लागतं. प्रोटॉन जोडता येतो, पण पैसे भरलेल्या खात्यालाच. तुमच्याकडे बिलं बनवणारा मुलगा आउटलुकमध्येच काम करत असेल, तर हा मुद्दा खासगीपणाच्या मोठ्या चर्चेपेक्षा आधी येईल. बर्लिनच्या पोस्टिओचं नावही तुम्ही कधी ऐकाल. महिना एक युरो, जाहिराती नाहीत, खातं उघडताना नाव विचारत नाहीत. पण तिथे स्वतःचं डोमेन वापरता येत नाही, म्हणून धंद्याला उपयोग नाही.

राहिला सरकारचा आणि ‘आपल्या देशातलं’ याचा मुद्दा. तुमच्या गावापासून आर्वी जवळ आहे. तिथलं उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये सुरू झालं, तेव्हा उपग्रहामार्फत परदेशाशी संपर्क करण्याची ती भारतातली पहिली व्यावसायिक सोय होती. विक्रम साराभाईंचं नाव त्या केंद्राला आहे. ते चालवणारी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे सरकारी खातं होतं. १९८६ मध्ये त्याचं विदेश संचार निगम झालं आणि याच निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं. म्हणजे बराच काळ परदेशाशी बोलायचा रस्ताच सरकारच्या मालकीचा होता, आणि त्या रस्त्यावरचा संदेश अडवण्याचा अधिकार १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ५ ने सरकारला दिलेला होता. आज रस्ता खासगी कंपन्यांचा आहे, पण अधिकार कायम आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार ठरावीक कारणांसाठी मजकूर मागू शकतं, उलगडून द्यायला सांगू शकतं, आणि न देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्या बाजूला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. म्हणजे मागणी आली तर ती कायद्याच्या चौकटीत बसणारी आणि कारणाच्या मापातली असावी लागते.

झोहो चेन्नईची कंपनी. भारतीय खात्यांचा डेटा ती भारतातच ठेवते, जाहिराती दाखवत नाही आणि केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा मेल आज तिच्या यंत्रणेवर आहे. तिचा कारभार भारतीय कायद्याने चालतो आणि किल्ली तिच्याकडे असल्याने भारतीय आदेश आला तर ती मजकूर देऊ शकते. प्रोटॉन स्विस कायदा मानतो. पण ‘स्विस’ म्हटलं की कोणी हात लावू शकत नाही, हा भ्रम आहे. २०२१ मध्ये फ्रान्सच्या पोलिसांनी युरोपोल आणि स्विस यंत्रणेमार्फत मागणी केली, तेव्हा प्रोटॉनला एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता द्यावा लागला. २०२४ मध्ये स्पेनच्या प्रकरणात त्याने खात्याला जोडलेला रिकव्हरी ईमेल दिला आणि त्या धाग्यावरून पोलीस माणसापर्यंत पोचले. पत्रांमधला मजकूर दोन्ही वेळा हाती लागला नाही, कारण तो कंपनीलाच वाचता येत नाही. इतकंच वचन ती देते आणि तेवढं पाळते. त्यापलीकडचं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

परदेशी सेवेचा आणखी एक धोका धंदेवाल्याने हिशेबात धरायला हवा. कर्नाटक उच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ रोजी, एका कंपनीतल्या महिलांना आलेल्या अश्लील मेलच्या प्रकरणात, प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याची कायदेशीर प्रक्रिया सुरू करण्याचे निर्देश केंद्राला दिले. असा आदेश ऐन मार्चमध्ये अमलात आला आणि तुमचे कंटेनर समुद्रात असले तर?

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. धंद्यासाठी आधी स्वतःचं डोमेन घ्या, बागेच्या किंवा फर्मच्या नावाचं. वर्षाला काही शे रुपयांत येतं. पत्ता तुमच्या मालकीचा झाला, की मागची सेवा कधीही बदलता येते आणि खरेदीदाराला त्याची कल्पनाही देण्याची गरज पडत नाही. त्या डोमेनवर झोहोचं पैसे भरलेलं खातं ठेवा. सीएंचं म्हणणं मला पटतं, पण त्यांच्या कारणासाठी नाही. तुमचा समोरचा पक्ष मायक्रोसॉफ्टवर असेपर्यंत प्रोटॉनचं मोठं कुलूप तुमच्या उपयोगाचं नाही, आणि झोहो तुमच्या आउटलुकमध्ये चालतो. डोमेन लावून देणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करायला नक्की सांगा. त्या असल्या, की दुसऱ्या कोणी तुमचाच पत्ता लावून पाठवलेला खोटा मेल खरेदीदाराच्या बाजूला अडवला जाण्याची शक्यता खूप वाढते. या नोंदी न करता ‘झालं’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. प्रोटॉनचं मोफत खातं घरच्यांसाठी काढा : डॉक्टरांचे रिपोर्ट, मृत्युपत्राचा मसुदा, मुलीच्या स्थळाची बोलणी. तिथे तो शोभतो.


प्रश्न : आम्ही काही कार्यकर्ते आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात वनहक्काचे दावे आणि महिलांच्या तक्रारी यांवर काम करतो. आमच्या मेलमध्ये आधारच्या प्रती, जमिनीचे नकाशे, कधी घरातल्या मारहाणीचे जबाब असतात. पैसे नाहीत. कोणती मोफत सेवा घ्यावी?
– एक कार्यकर्ती, घोडेगाव

उत्तर : तुमच्यासाठी माझं उत्तर वरच्या उत्तराच्या उलट आहे. बागायतदाराला बाहेरच्या माणसांशी बोलायचं असतं, तुम्ही आपापसांत बोलता. सगळे कार्यकर्ते एकाच दिवशी एकाच सेवेवर गेलात, तर तुमच्यातला प्रत्येक मेल दोन्ही टोकांना कुलपात राहील. म्हणून अशा सेवांचा खरा उपयोग तुमच्यासारख्यांनाच आहे आणि मोफत खात्यात तो पुरेपूर मिळतो.

प्रोटॉन आणि टूटा यांत तुम्ही टूटा घ्यावा असं मी म्हणेन, आणि त्याचं कारण आहे विषयाची ओळ. आपण विषयात काय लिहितो ते आठवून पाहा. बाईचं नाव, वाडीचं नाव, ‘मारहाण जबाब’, तारीख. प्रोटॉनमध्ये मजकूर कुलूपबंद होतो, पण विषयाची ओळ त्या कुलपात जात नाही. टूटामध्ये विषयही जातो. कोणी कोणाला कधी मेल पाठवला, हे मात्र पाठवण्यासाठी लागतंच आणि ते दोन्हींकडे उघडं राहतं. तरीही सवय अशीच लावून घ्या, की विषयात नाव न लिहिता केसचा क्रमांक लिहायचा. नावांची यादी मेलवर ठेवायची नाही, कार्यालयातल्या एका वहीत ठेवायची.

सहा महिन्यांच्या मुदतीची तुम्हाला काळजी नाही, तुमचं काम बारमाही आहे. जागा मात्र एक जीबीच मिळते. मोबाइलवर काढलेले दाव्यांचे फोटो तसेच पाठवलेत तर ती काही महिन्यांत भरेल. कागद स्कॅनच्या ॲपमधून पीडीएफ करून पाठवा. आकार कमी होतो आणि भीमाशंकरच्या बाजूला जेमतेम रेंज असते तिथेही जातो. आधारची पूर्ण प्रत मेलवर पाठवणं थांबवा. आधार प्राधिकरणच ‘मास्क्ड आधार’ देतं, त्यावर शेवटचे चार आकडे तेवढे दिसतात. जिथे फक्त ओळख पटवायची आहे तिथे ते पुरतं.

एकच खातं काढून सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरायचा, हे संस्थांमध्ये सर्रास चालतं. ते करू नका. एखादा कार्यकर्ता काम सोडून जातो, त्याच्या फोनवर खातं तसंच उघडं राहतं, आणि दोन वर्षांनी तो फोन तो कोणाला तरी विकतो. प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा, आणि फोनच्या स्क्रीनला कुलूप लावा. मेल कितीही सुरक्षित असला तरी वाचताना तो स्क्रीनवर उघडतोच, आणि आपल्याकडे घरातला फोन चार हातांतून फिरतो. ज्या बाईचा जबाब आहे तिचा नवरा कार्यकर्त्याचा नातेवाईक असू शकतो. लहान वाड्यांमध्ये हे नेहमीचं आहे. तुमच्या कामातला सर्वांत मोठा धोका मला जर्मनीतल्या सर्व्हरपेक्षा इथे दिसतो.

प्रत्येकाचा चौसष्ट अक्षरांचा रिकव्हरी कोड हाताने कागदावर लिहा, दुसऱ्याकडून ताडून घ्या आणि दोन वेगवेगळ्या गावांत ठेवा. माळीणच्या ३० जुलै २०१४ च्या दरडीनंतर, सगळी कागदपत्रं एका छपराखाली ठेवणं म्हणजे काय, हे या पट्ट्याला मी सांगायला नको. कोडचा फोटो काढून गूगल फोटोत जाऊ देऊ नका.

घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाला किंवा तहसीलला काही पाठवाल तेव्हा तो मेल त्यांच्या बाजूला साधाच राहील, हे लक्षात असू द्या. दाव्याचे कागद तसे पाठवायला हरकत नाही, ते पुढे सरकारदरबारीच जायचे असतात. मारहाणीचे जबाब मात्र मेलने बाहेर पाठवू नका. संरक्षण अधिकाऱ्याला ते हातात नेऊन द्या आणि पोच घ्या. ती बाई तुमच्यापाशी बोलली ती तुमच्यावर विसंबून, तिच्या सासरच्या कानावर त्यातला एक शब्दही जाता कामा नये. त्यासाठी मंचरपर्यंतची एक फेरी पडली तरी पडू द्या.


प्रश्न : माझ्या बाबांचा ईमेल गावातल्या सेवा केंद्रातल्या दादांनी काढून दिला होता. पासवर्ड बाबांना माहीत नाही. दादा म्हणतात, काही लागलं तर या, माझ्या वहीत आहे. आता मला कॉलेजात खासगी मेल सेवांबद्दल कळलं. बाबांना प्रोटॉनचं नवं खातं काढून देऊ का?
– बारावीची विद्यार्थिनी, ओतूर

उत्तर : तुझा प्रश्न छोटा आहे, पण जुन्नर-आंबेगावातल्या हजारो घरांचा तोच प्रश्न असावा असं मला वाटतं. ती वही कशी असते ते तुला ठाऊकच असेल. जाड पुठ्ठ्याची, हाताने आखलेले रकाने, नाव, मोबाइल, ईमेल, पासवर्ड. पासवर्ड बहुधा नाव आणि जन्मसाल, किंवा सगळ्या गावाला एकच. दादांचा हेतू वाईट नसतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म, महाडीबीटी, पीक विमा, सगळ्याला ईमेल लागतो, रांग मोठी असते आणि माणसं पासवर्ड विसरतात. पण ती वही काउंटरवर उघडी पडलेली असते, आणि बाबांचं बँकेचं, विम्याचं, योजनांचं सगळं त्या एका ओळीला जोडलेलं असतं.

नवं खातं आत्ता काढू नकोस. जुना पत्ता बँकेत आणि योजनांमध्ये नोंदलेला आहे, तो तसाच त्या वहीत राहिला तर नव्या प्रोटॉनचा काय फायदा? आधी जुनं ताब्यात घ्यायचं. एखाद्या संध्याकाळी बाबांना शेजारी बसव. पासवर्ड दादांकडून एकदा मागून घे आणि बाबांच्या स्वतःच्या फोनवर लॉगिन कर, केंद्रातल्या संगणकावर नको. खातं जीमेलचंच असेल असं धरतो. मग गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ पानावर जा. रिकव्हरीचा मोबाइल नंबर कोणाचा आहे ते पाहा. बहुतेक दादांचा निघेल. तो काढून बाबांचा घाल, रिकव्हरी ईमेलही तपास, आणि मगच पासवर्ड बदल. नंबर बदलल्यानंतरही आठवडाभर गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं, म्हणून आठवड्याने पुन्हा एकदा पासवर्ड बदल. त्याच पानावर कोणकोणत्या उपकरणांवर खातं उघडं आहे त्याची यादी असते. बाबांच्या फोनशिवाय जे दिसेल त्यातून साइन आउट कर. शेवटी मेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ हे दोन भाग बघ, तिथे दुसऱ्या कोणाचा पत्ता असेल तर काढून टाक. दुहेरी पडताळणी चालू कर.

पासवर्ड बाबांना लक्षात राहील असा त्यांनाच ठरवू दे. चार-पाच असंबद्ध शब्द एकापुढे एक, त्यांच्याच बोलण्यातले. तो कागदावर लिहून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवायला माझी हरकत नाही. घरातला कागद केंद्रातल्या वहीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. हे सगळं झाल्यावर तुला तुझ्यासाठी प्रोटॉनचं खातं काढायचं असेल तर खुशाल काढ, फक्त वर्षातून दोनदा तरी उघडत जा.

दादांना मात्र भेट, रागाने नाही, आणि त्यांच्यासमोर वहीतली बाबांची ओळ खोडून घे. पुढच्या वेळी फॉर्म भरताना पासवर्डाच्या चौकटीशी आलं की कीबोर्ड बाबांकडे द्यायला सांग, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी बाबांनी मोठ्याने वाचून न दाखवता स्वतः टाइप करायचा. सुरुवातीला वेळ लागेल, मागची रांग कुरकुरेल. तू सोबत जा.